दुसरा फोन

हे प्रकरण ज्या नर्सचं आहे, तिची ते लिहायला परवानगी आहे. ओळख पटेल अशा खुणा मी बदलल्या आहेत. रात्र, आकडे आणि चुका मात्र घडल्या तशाच ठेवल्या आहेत, कारण त्या चुका तिच्या एकटीच्या नाहीत. इंग्लंडमधल्या एका सरकारी रुग्णालयात मी प्रॅक्टिस एज्युकेटर आहे. परदेशातून आलेल्या नर्सना वॉर्डात रुळवणं हे माझं काम. त्यामुळे या प्रकरणात काही वाटा माझाही आहे, तो पुढे येईलच.

ती

सोलापूर भागातली. बीएस्सी नर्सिंग, त्यानंतर एका मोठ्या खासगी रुग्णालयात सहा वर्षं, त्यातली चार सर्जिकल वॉर्डात. हात अतिशय चांगला. ज्या रुग्णाची शीर सापडत नाही त्याच्यासाठी तिला बोलवायचे. ओईटी ही इंग्रजीची परीक्षा दुसऱ्या खेपेला निघाली, पहिल्या वेळी लेखन अडलं होतं. इंग्लंडला आल्यावर ऑस्की या प्रात्यक्षिक परीक्षेची दहा स्टेशनं पहिल्याच फेरीत पार केली आणि एनएमसीचा, म्हणजे इथल्या नर्सिंग परिषदेचा, पिन (नोंदणी क्रमांक) हातात आला. पिन येईपर्यंत पगाराची श्रेणी बँड ४, आल्यावर बँड ५. हे सगळं आपल्याकडच्या मुली आता पाठ करूनच येतात, त्यावर फार थांबत नाही.

वॉर्डात आल्यावर पहिल्या महिन्यात तिच्याबद्दल माझ्या कानावर दोन गोष्टी आल्या. पहिली, ती उद्धट आहे. दुसरी, ती फारच नम्र आहे, तिला काही विचारलं की नुसतं ‘येस, येस’ म्हणते. एकाच माणसाबद्दल ही दोन्ही मतं कशी, याचा मी तेव्हाच नीट विचार करायला हवा होता.

उद्धटपणाचं मूळ लगेच सापडलं. मराठीत आपण ‘प्लीज’ म्हणत नाही. आपली अदब क्रियापदात असते, ‘द्या ना’, ‘बघता का जरा’, ‘अहो’ यांत असते. इंग्रजीत उतरताना हे सगळं गळून पडतं आणि उरतं ते ‘गिव्ह मी दॅट चार्ट’. ऐकणाऱ्याला ती ऑर्डर वाटते. उलट बाजूने, वॉर्डाची सिस्टर तिला म्हणायची, ‘वुड यू लाइक टू डू द ऑब्ज इन बे टू?’ ऑब्ज म्हणजे ताप-नाडीच्या नोंदी, बे म्हणजे वॉर्डाचा एक भाग. हिला वाटायचं, आपल्याला आवडेल का असं विचारतायत. एकदा तिने खरंच सांगितलं, आधी ड्रेसिंग उरकते. ती सूचना होती, विचारणा नव्हती, हे तिला दोन दिवसांनी कळलं. हे मी तिला समजावलं, आम्ही दोघी हसलो, आणि विषय संपला असं मी धरलं.

दुसऱ्या तक्रारीकडे मी लक्षच दिलं नाही. नम्रपणाची कोण तक्रार घेतो?

कपड्यांचंही एकदा झालं होतं. इथे २००७ पासून कोपराखाली हात उघडे ठेवायचा दंडक आहे. मनगटी घड्याळ नाही, बांगड्या नाहीत, फार तर एक साधी अंगठी. घड्याळ छातीवर उलटं टांगायचं. गळ्यातल्या साखळीबद्दल प्रत्येक रुग्णालयाचा नियम वेगळा, आमच्याकडे नाही चालत. मंगळसूत्र काढायला ती तयार होती, फक्त व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना काय सांगायचं हा प्रश्न होता. ते लॉकरमध्ये ठेवायला लागली आणि घरी जाताना बसस्टॉपवर घालू लागली. नवीन येणाऱ्यांनी हे आधीच घरी सांगून यावं.

ती रात्र

जानेवारीचा दुसरा आठवडा. २८ खाटांचा सर्जिकल वॉर्ड, रात्रीला तीन नर्स आणि दोन हेल्थकेअर असिस्टंट. तिच्याकडे नऊ रुग्ण. पिन आल्यावर तिला चार आठवडे जादा माणूस म्हणून, म्हणजे स्वतःच्या जबाबदारीचे रुग्ण न देता, ठेवायचं ठरलं होतं. हिवाळ्याची गर्दी म्हणून ते दोनच आठवडे झाले. त्या निर्णयाच्या ई-मेलवर माझंही नाव आहे. मी हरकत घेतली नव्हती.

नऊपैकी एक आजोबा, वय ७१, आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन चौथा दिवस. रात्री दहाला नोंदी ठीक होत्या.

सव्वाबाराला त्यांचा श्वास मिनिटाला २२, ऑक्सिजन ९४ टक्के, वरचा रक्तदाब १०८, नाडी १०४, ताप ३८.२. यातली एकेक गोष्ट सुटी पाहिली तर कुठलीच घाबरवणारी नाही. इथल्या सगळ्या रुग्णालयांत न्यूज-२ नावाची गुणपद्धत वापरतात. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने ती २०१२ मध्ये आणली आणि २०१७ मध्ये सुधारली. नोंदींना गुण द्यायचे आणि बेरीज करायची. श्वासाचे दोन, बाकी चारांचा एकेक, एकूण सहा. पाच किंवा त्यापुढे गेलं की डॉक्टरने तातडीने येऊन बघायचं आणि नोंदी निदान दर तासाला घ्यायच्या. सात झाले की आणीबाणी.

तिने यंत्रात आकडे भरले, सहा दिसले, आणि तिने ड्युटीवरच्या पहिल्या वर्षाच्या डॉक्टरला ब्लीप केलं, म्हणजे पेजरवर निरोप दिला. इथपर्यंत सगळं बरोबर. दहा मिनिटांनी फोन आला. ती म्हणाली, ‘सर, पेशंट इज हॅविंग फीवर. ही इज नॉट लुकिंग गुड. प्लीज कम, सर.’ डॉक्टर खाली अपघात विभागात दुसऱ्या रुग्णापाशी होता. म्हणाला, पॅरासिटामॉल दे, सलाइन चालू ठेव, मी येतो.

फोनवर ‘सहा’ हा शब्द तिच्या तोंडून निघालाच नाही. डॉक्टरच्या वहीत नंतर सापडलं ते एवढंच: खाट १४, ताप.

हे मला सगळ्यात जास्त लागलं, कारण एसबीएआर तिला येत नव्हतं असं नाही. परिस्थिती, पार्श्वभूमी, तुझं मत, तुझी मागणी, या क्रमाने फोन करायची ही रीत अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांतून आली, तिकडच्या कैसर परमानेंटे या संस्थेने ती रुग्णालयात आणली, आणि आता ती सगळीकडे शिकवतात. ऑस्कीत तिने ती घडाघडा म्हटली होती. पण परीक्षेत समोर परीक्षक असतो. रात्री साडेबाराला फोनच्या पलीकडे ‘सर’ असतात. एसबीएआरमधला तिसरा टप्पा म्हणजे तुझं मत सांग, आणि चौथा म्हणजे तुला काय हवं ते माग. सहा वर्षं जिला ‘तुम्ही फक्त रीडिंग सांगा, सिस्टर’ असं ऐकवलं गेलं, तिच्या जिभेवर हे दोन टप्पे येणार कुठून?

पुढचे दोन तास ती आजोबांभोवतीच होती. पॅरासिटामॉल दिलं, उशा लावून बसवलं, कपाळ पुसलं, सलाइनचा वेग पाहिला, हात हातात घेऊन छातीवरच्या घड्याळावर नाडी मोजली. ‘कसं वाटतंय?’ विचारल्यावर ते म्हणायचे, ‘नॉट टू बॅड, लव्ह. डोन्ट फस.’ आपल्याकडचा रुग्ण दुखलं की ‘मेलो गं बाई’ म्हणतो, आणि नातेवाईक चौघं मिळून तुम्हाला हलवून सोडतात. इथे रात्री नातेवाईक नसतात आणि या पिढीचा इंग्रज माणूस पोट फाटत असतानाही ‘थोडं अवघडल्यासारखं’ म्हणतो. ‘नॉट टू बॅड’चं भाषांतर परिस्थितीनुसार ‘बरा आहे’पासून ‘संपलो’पर्यंत काहीही होऊ शकतं.

डॉक्टर आला नाही. तिने पुन्हा ब्लीप केलं नाही. शेजारच्या बेमध्ये रात्रीची इनचार्ज नर्स होती, तिलाही सांगितलं नाही. सव्वाला घ्यायच्या नोंदी यंत्रात गेल्या नाहीत, सव्वादोनच्याही नाहीत. दोन पन्नासला भरल्या तेव्हा श्वास २४, ऑक्सिजन ९२, रक्तदाब ९८, नाडी ११८, ताप ३८.४. बेरीज नऊ.

तेव्हा ती इनचार्जकडे धावली. इनचार्जने एकाच फोनमध्ये आउटरीच टीम, म्हणजे वॉर्डात बिघडलेल्या रुग्णांसाठी धावणारी टीम, बोलावली, टीमने रजिस्ट्रारला, म्हणजे वरच्या डॉक्टरला, उठवलं. आतड्याचा जोड सुटला होता. पहाटे सहाच्या आत आजोबा थिएटरमध्ये होते. पोटावर पिशवी आली, आयसीयूत दिवस काढावे लागले, पण महिन्याभराने ते आपल्या पायांनी घरी गेले.

‘भरून टाक ना’

सकाळी सात. हॅण्डओव्हरला अर्धा तास. आपल्याच भागातली, तिच्या आधी दोन वर्षं आलेली एक मैत्रीण स्टाफरूममध्ये तिला हळूच म्हणाली, ‘सव्वा आणि सव्वादोनच्या नोंदी भरून टाक ना. तू नाडी मोजलीच होतीस की.’

यावर जरा थांबते. आपल्यापैकी ज्यांनी भारतात ड्युट्या केल्या आहेत त्यांना ताप-नाडी-श्वासाचा टीपीआर चार्ट पाळी संपताना एका दमात कसा भरला जातो ते ठाऊक आहे. चाळीस रुग्ण आणि दोन नर्स असतील तर तो बेइमानीपेक्षा नाइलाजाचा भाग जास्त असतो. मीही भरलेत. पण इथे ती गोष्ट पिनवर येते. उशीर झाला, विसरलं, घाबरलं, यातून माणूस सावरतो. खोटी नोंद सापडली तर प्रकरण कामातल्या चुकीचं राहत नाही, सचोटीचं होतं, आणि एनएमसीपुढे त्यातून सुटणं फार अवघड. शिवाय यंत्र दोन वेळा ठेवतं: तुम्ही लिहिलेली आणि तुम्ही खरोखर बटण दाबलेली.

तिने भरलं नाही. तिने ‘मागाहून लिहिलेली नोंद’ असं वर घालून, चालू वेळ टाकून, जे आठवत होतं ते लिहिलं: नाडी मोजली, आकडा लिहिला नाही, डॉक्टरला पुन्हा कळवलं नाही. का भरलं नाहीस, असं मी नंतर विचारलं. ‘ताई, मला धीरच झाला नाही,’ म्हणाली. चांगल्या कारणाने असो की भीतीने, तिची नोकरी त्या एका गोष्टीने वाचली असं माझं मत आहे.

मेमो नव्हे

आउटरीचच्या नर्सने डेटिक्स भरलं. डेटिक्स म्हणजे घटना नोंदवायची संगणकीय व्यवस्था. त्यावर ही माझ्याकडे रडत आली, ‘माझ्या नावावर केस झाली.’ तिच्या डोक्यात मेमो होता: मेट्रनच्या सहीचा कागद, चोवीस तासांत खुलासा, पगारातून कपात. डेटिक्स तसं नसतं. ते घटनेवर भरतात, माणसावर नाही. २०२२ मध्ये इंग्लंडच्या आरोग्यसेवेने घटनांकडे बघायची जी नवी चौकट आणली, तिचा भर दोषी शोधण्यापेक्षा यंत्रणा कुठे फाटली हे शोधण्यावर आहे. हे कागदावरचं झालं. वॉर्डात ‘मी तुला डेटिक्स करीन’ हे धमकीसारखंही वापरलं जातं, तेव्हा तिची भीती अगदीच अनाठायी होती असं मी म्हणणार नाही.

तिला लेखी निवेदन मागितलं. पहिला मसुदा तिने मला दाखवला. इंग्रजीत होता, पण वाचताना मला आपल्या ऑफिसातला खुलासा ऐकू येत होता: घडलेल्या प्रकाराबद्दल मी दिलगीर आहे, माझ्याकडून अनवधानाने चूक झाली, पुन्हा असे होणार नाही याची हमी देते, तरी कृपया मोठ्या मनाने. अर्धं पान. त्यात एकही वेळ नाही, एकही आकडा नाही. आणि जे तिच्या हातात नव्हतं, म्हणजे डॉक्टरचं न येणं, तेही तिने स्वतःच्या माथी घेतलं होतं.

वरिष्ठांपुढे झुकलं की ते शांत होतात, हे आपलं शिक्षण. इथे असं झुकणं दोन प्रकारे अंगाशी येतं. वाचणाऱ्याला वाटतं हिने सगळं कबूल केलंय, आणि खरं काय बिघडलं ते कळतच नाही. मी तिला मजकूर सुचवला नाही, तो माझा अधिकार नव्हता. एवढंच सांगितलं: वेळ लाव, जे केलं ते लिही, जे केलं नाही ते लिही, का ते एका वाक्यात लिही, आणि विशेषणं काढ. आणि युनियनच्या माणसाला दाखव.

युनियन म्हटल्यावर ती दचकली. तिच्या लेखी युनियन म्हणजे संप आणि घोषणा. ती सभासदच नव्हती. रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग असो की युनिसन, पहिल्या पगारातून सभासद व्हावं. घटना घडल्यावर झालात तर त्या घटनेपुरती मदत मिळेलच असं नाही. तिच्या बैठकीला मदत म्हणून एक प्रतिनिधी येऊन बसली, ती वॉर्ड मॅनेजरच्या चांगुलपणामुळे.

बैठकीत काय निघालं

डॉक्टर त्या रात्री एकटा पाच वॉर्ड सांभाळत होता. रात्री एक वाजता व्हायची छोटी आढावा बैठक झालीच नव्हती. ती झाली असती तर खाट १४ चे सहा गुण इनचार्जला दिसले असते. ऑब्जच्या यंत्रावर मुदत टळलेला रुग्ण लाल दिसतो, तो इनचार्जच्या पडद्यावर दीड तास लाल होता. जादा माणूस म्हणून ठेवण्याचा काळ अर्ध्यावर आणला होता. आणि आमच्या ओळख-कार्यक्रमात हात धुण्यापासून आगीपर्यंत सगळं होतं, पण ‘डॉक्टर आला नाही तर पुढे कोण’ हे एका स्लाइडवर एका ओळीत होतं.

मग मॅनेजरने तिला सरळ विचारलं, दुसरा फोन का केला नाहीस?

ती बराच वेळ गप्प राहिली. नंतर जे सांगितलं ते माझ्यासाठी या प्रकरणाचं केंद्र आहे. आधीच्या नोकरीत एकदा पहाटे दोनला तिने मोठ्या सर्जनना फोन केला होता. ते म्हणाले होते, ‘एवढ्यासाठी उठवलंत?’ आणि सकाळी राउंडवर सगळ्यांदेखत पुन्हा तेच म्हणाले. तेव्हापासून तिचा नियम ठरला: एकदा कळवायचं, कळवल्याची वेळ मनात ठेवायची, आणि रुग्णापाशी थांबायचं. डॉक्टर ‘येतो’ म्हणाले आहेत. पुन्हा विचारणं म्हणजे त्यांच्या शब्दावर संशय घेणं.

टेबलाभोवतीच्या कुणालाच हे आधी सुचलं नव्हतं. त्यांच्या समजुतीप्रमाणे दुसरा फोन न करणारी नर्स एकतर आळशी असते नाहीतर तिला धोका कळलेला नसतो. धोका कळूनही अदबीपोटी गप्प बसणारी नर्स त्यांच्या कल्पनेत बसत नव्हती. माझ्या कल्पनेत बसायला हवी होती. मी कोल्हापूरची.

एनएमसीच्या आचारसंहितेत काळजी वाटली तर वेळेत पुढे कळवा हे लिहिलेलं आहे, आणि नोंदी घटनेच्या वेळी किंवा शक्य तितक्या लवकर करा हेही. इथे ‘कळवलं’ याचा अर्थ समोरच्याने ऐकलं, समजून घेतलं आणि कोणीतरी येऊन पाहिलं, इथपर्यंत जातो. पहिल्या वर्षाचा डॉक्टर येत नसेल तर रजिस्ट्रार, तोही नसेल तर सगळ्यात वरच्या डॉक्टरला, कन्सल्टंटला, घरी फोन. यात आगाऊपणा नाही. केट ग्रेंजर नावाची डॉक्टर स्वतः कॅन्सरची रुग्ण होती. तिने २०१३ मध्ये ‘हॅलो, माय नेम इज’ ही मोहीम सुरू केली, रुग्णाला आधी आपलं नाव सांगा म्हणून. तसाच नावाचा बिल्ला कन्सल्टंटच्या छातीवरही असतो, तो वाचून त्यांना पहिल्या नावाने हाक मारायची असते. आमच्या या नर्सला ते चार महिने जमत नव्हतं. ‘सर’ म्हटलं की वाक्य आपोआप छोटं होतं आणि मत गिळलं जातं, हे मात्र मी तिच्याकडे बघून शिकले.

घरच्यांना सगळं सांगण्यात आलं. हे इथे कायद्याने बंधनकारक आहे. मिड स्टॅफर्डशायरच्या रुग्णालयातल्या हेळसांडीवर फ्रान्सिस अहवाल २०१३ मध्ये आला आणि पुढच्या वर्षी हे कर्तव्य कायद्यात गेलं. कन्सल्टंट आणि मेट्रनने आजोबांच्या मुलीला बसवून काय उशीर झाला ते सांगितलं, माफी मागितली. ती चिडली, ते योग्यच होतं. तिला हे ऐकून आश्चर्य वाटलं की रुग्णालय स्वतःहून हे सांगतंय. हिला तर धक्काच बसला. आजोबांनी नंतर सांगितलं की ती नर्स मुलगी रात्रभर येऊन हात धरत होती. बैठकीच्या इतिवृत्तात ते लिहिलं गेलं, पण तासाच्या नोंदीची जागा त्याने भरत नाही हेही लिहिलं गेलं. दोन्ही रास्त.

पुढे

एनएमसीकडे प्रकरण गेलं नाही. चार आठवड्यांचा काळ तिला पुन्हा पूर्ण मिळाला. वॉर्डाची एकची आढावा बैठक आता चुकली तर इनचार्जला कारण लिहावं लागतं. ओळख-कार्यक्रमात मी एक तास वाढवून घेतला. त्या तासात नवीन नर्सना दुसऱ्या खोलीतून खरा फोन लावायला लावते, पलीकडे एक रजिस्ट्रार मुद्दाम तुटक बोलतो, ‘आय ॲम बिझी’ म्हणतो, फोन ठेवतो. मग पुन्हा लावायला सांगते. पहिल्यांदा जवळजवळ प्रत्येकीचा हात थांबतो. केरळच्या, फिलिपाइन्सच्या, नायजेरियाच्या आणि आपल्या. केरळच्या एका सिस्टरने तर रिसीव्हर माझ्याच हातात दिला.

जूनमध्ये तिची रात्र होती. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतरची एक बाई, गुण पाच. रजिस्ट्रारला फोन केला, या वेळी पहिल्याच वाक्यात ‘पाच’ म्हणाली. तो अर्ध्या तासात येतो म्हणाला. पस्तीस मिनिटं झाली. तिने पुन्हा लावला. तो आला, बाईंना पाहिलं, औषधं बदलली, आणि निघताना तिला काहीतरी म्हणून गेला.

सकाळी साडेआठला, घरी जाऊन झोपायच्या आधी, तिने मला फोन केला. आवाजात काळजी.

‘ताई, तो जाताना म्हणाला, थँक्स फॉर चेझिंग मी. पाठलाग केल्याबद्दल धन्यवाद? टोमणा मारला का हो त्याने?’